गॅस बॉयलर दुरुस्तीचा कोर्स निवडताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात डाइंगचा (कापड रंगवण्याचा) गॅस बॉयलर दर दोन तासांनी लॉकआउटला जायचा, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पडायचा. मी नुकताच चार दिवसांचा कोर्स करून आलो होतो, सर्टिफिकेटची शाईही वाळली नव्हती. आधी इग्निशनचा इलेक्ट्रोड बदलला. मग फ्लेम रॉड, म्हणजे ज्योत लागली हे ओळखणारी काडी. मग मालकांना सांगून नवा सीक्वेन्स कंट्रोलर, म्हणजे बर्नर ठरलेल्या क्रमानं चालवणारा डबा, मागवला. बॉयलर तसाच. शेवटी बाहेरगावचा सर्व्हिसवाला आला. त्यानं मीटर जोडून फ्लेमचा करंट मायक्रोअँपमध्ये मोजला आणि बर्नरच्या बॉडीला लावलेली अर्थिंगची वायर बोटानं हलवून दाखवली. ढिली होती. मालक एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या कोर्समध्ये मला पार्ट ओळखायला शिकवलं होतं, फॉल्ट शोधायला नाही. कोर्स निवडताना पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच.

फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला एवढंच विचारा: "सर, फॅन फिरतो, पर्ज होतं (आतला उरलेला गॅस हवेनं बाहेर जातो), ठिणगी पडते, ज्योत लागते आणि तीन सेकंदांत विझते. आधी काय बघायचं?" "कंट्रोलर बदला" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. ज्योत लागली म्हणजे ठिणगी आणि गॅस दोन्ही पोचले. मग आधी बघायचं ते हे की ज्योत आहे हे कंट्रोलरला कळतंय का. फ्लेम रॉडवर काजळी, पोर्सिलेनला तडा, ढिली अर्थिंग, काही बर्नरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले, यातलं काहीही असू शकतं. त्यानंतर गॅसचं प्रेशर, आणि तेही बर्नर चालू असताना. बंद बर्नरवर गेज झकास आकडा दाखवतो. व्हॉल्व्ह उघडला की चोंदलेल्या फिल्टरमुळे तोच आकडा धाडकन खाली येतो. हा क्रम ज्याच्या तोंडून सहज येतो, त्याच्याकडे शिका.

दुसरी चूक म्हणजे मोबाइलवरचे इंग्लंडचे व्हिडिओ बघून तिथलाच ऑनलाइन कोर्स घेणं. व्हिडिओ चांगले असतात, मीही बघतो. पण त्यांचा बॉयलर म्हणजे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची पेटी, घर उबदार ठेवणारी. मे महिन्यातल्या सोलापुरात घर उबदार ठेवायची काळजी कोणाला? तिथं गॅसच्या कामासाठी २००९ पासून 'गॅस सेफ' रजिस्टरमध्ये नाव लागतं, म्हणून त्यांचे कोर्स त्या परीक्षेभोवती बांधलेले. आपल्या डाइंगला वाफ लागते, आणि वाफेचा बॉयलर आला की कायदा वेगळा.

इथंच पोरं फसतात. बर्नर सर्व्हिसिंगचं खासगी सर्टिफिकेट आणि बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं सरकारी परीक्षा देऊन मिळतं, सेकंड क्लास किंवा फर्स्ट क्लास. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन आता २०२५ चा आलाय, पण बॉयलरच्या ट्यूब किंवा शेलला (टाकीला) वेल्डिंग आपल्या मनानं करता येत नाही, हे तेव्हाही होतं आणि आताही आहे. "आमचा कोर्स केला की बॉयलरचं कुठलंही काम करा" असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला अडचणीत घालतोय.

गॅस कोणता, हेही विचारा. पाइपच्या गॅसवर शिकलेला माणूस सिलिंडर बँकेसमोर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांसमोर, गडबडतो. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटेची थंडी असते, तेव्हा बर्नर फुल फायरला गेला की १९ किलोच्या सिलिंडरांवर बाहेरून दव, कधी बर्फ धरतो. सिलिंडरमधल्या द्रव गॅसची वाफ पुरेशी होत नाही, प्रेशर पडतं, लो गॅस प्रेशर स्विच ट्रिप करतो. ऊन चढलं की सगळं आपोआप ठीक. अशा वेळी बर्नरमध्ये काहीही शोधू नका, एकाच वेळी जास्त सिलिंडर जोडा किंवा व्हेपोरायझर (द्रव गॅस तापवून त्याची वाफ करणारं यंत्र) लावा. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळती झाली तर खाली खड्ड्यात, गटारात साचते. नैसर्गिक वायू वर जातो. डिटेक्टर कुठं लावायचा ते यावरच ठरतं. पहिल्या दिवशी हे न सांगणारा कोर्स मी घेणार नाही.

पाण्याचा भाग बहुतेक कोर्स अर्ध्या तासात उरकतात. बोअरचं जड पाणी, पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरला वेळेवर मीठ नाही, ट्यूबवर क्षार, मग वाफ कमी आणि चिमणी तापलेली. तक्रार मात्र येते, "बर्नर कमजोर झालाय." आणि कोणी लो वॉटर ट्रिप (पाणी कमी झालं की बर्नर बंद करणारा स्विच) बायपास करून बॉयलर चालवायची 'युक्ती' शिकवत असेल तर त्याच तासाला उठा.

राहिला प्रश्न बॅचचा. तीस पोरं आणि एक बर्नर असेल तर स्क्रूड्रायव्हर हातात येईपर्यंत कोर्स संपतो. मी दुसरा कोर्स घेतला तिथं आम्ही सहा जण होतो. सर चहाला जायचे, परत येताना बर्नरमध्ये काहीतरी बिघडवून ठेवायचे आणि म्हणायचे, "शोधा. पार्ट मिळणार नाही, मीटर मिळेल." तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्थिंगची वायर ढिली केली होती. मी गालात हसलो, पण इतरांना सांगितलं नाही.