गवती चहा, गांजा आणि मिरसीन: फ्लेवरच्या सुरक्षिततेबद्दल या चुका टाळा

गवती चहाचं पान चुरगाळलं की पहिल्यांदा नाकात शिरतो तो लिंबासारखा वास सिट्रालचा. त्याच्या मागोमाग एक हिरवट, किंचित डिंकासारखा वास येतो, त्यात मिरसीनचा वाटा असतो. हेच मिरसीन आंब्याच्या कित्येक जातींत आहे, बिअरच्या हॉप्समध्ये आहे, आणि गांजाच्या अनेक वाणांत तर सगळ्यात जास्त प्रमाणात असणारं टर्पीन (वनस्पतींतला सुगंधी घटक) हेच. फ्लेवरच्या धंद्यात ते गेली कित्येक दशकं वापरात आहे.

मी फ्लेवरच्या कामात आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली छोटी युनिटं, घरी सरबतं आणि थंडाईचा मसाला करून विकणाऱ्या ताई, कुल्फीवाले, अशा मंडळींशी रोजचं बोलणं असतं. मिरसीनबद्दल त्यांच्याकडून दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणजे, ‘साहेब, त्यानं कॅन्सर होतोय म्हणं, अमेरिकेत बंदी आलीया.’ दुसरं म्हणजे, ‘झाडातलंच आहे की, त्यानं काय होतंय?’ दोन्ही वाक्यांत माल किती, कुठल्या वाटेनं शरीरात जाणार आणि किती शुद्ध, हे तीन प्रश्न गायब आहेत. नेमक्या तिथंच चुका होतात.

‘एफडीएने बंदी घातली’ एवढंच वाचून थांबणं

आपल्याकडे एफडीए म्हटलं की डोळ्यांसमोर महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन येतं. बातमीतली एफडीए अमेरिकेची आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये तिनं कृत्रिमरीत्या बनवलेले सहा फ्लेवर घटक परवानगीच्या यादीतून काढले: मिरसीन, पुलेगोन, मिथाइल युजेनॉल, बेंझोफेनोन, इथाइल ॲक्रिलेट आणि पिरिडीन. (सातवं स्टायरीन. ते उद्योगानं वापरणंच सोडलं होतं म्हणून यादीतून गेलं.)

कारण कायद्याचं होतं. अमेरिकेत 1958 पासून डेलेनी कलम आहे. एखाद्या पदार्थानं माणसात किंवा प्राण्यात कॅन्सर होतो असं दिसलं, तर डोस कितीही असो, तो अन्नात मुद्दाम घालायला परवानगी देता येत नाही. त्याच निर्णयात एफडीएनं स्पष्ट सांगितलं की नेहमीच्या वापरात या घटकांमुळे लोकांच्या आरोग्याला धोका संभवत नाही. निसर्गतः मिरसीन असणाऱ्या आंब्याला, हॉप्सला किंवा त्यांच्या अर्काला हा निर्णय लागू नव्हता.

म्हणून अमेरिकेला माल पाठवणार असाल तर हा निर्णय तुम्हाला बंधनकारक आहे, कृत्रिम मिरसीन घातलेला फ्लेवर तिथं चालणार नाही. कॅलिफोर्नियानं तर 2015 पासूनच मिरसीनला आपल्या इशाऱ्याच्या यादीत घातलंय. पण राजारामपुरीत गवती चहा पिणाऱ्यानं कप खाली ठेवण्याचं काही कारण नाही.

उंदरांचा आकडा बघणं आणि स्वतःचं वजन विसरणं

सगळी भीती ज्या अभ्यासावरून उठली तो अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामचा, 2010 चा. मोठ्या आणि छोट्या उंदरांना दोन वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, नळीनं थेट पोटात मिरसीन दिलं गेलं. डोस होते शरीराच्या दर किलोमागे 0.25, 0.5 आणि 1 ग्रॅम. मोठ्या जातीच्या नरांत मूत्रपिंडाच्या गाठी दिसल्या, छोट्या जातीच्या नरांत यकृताच्या. अभ्यास पक्का आहे, तो नाकारायचं कारण नाही. याच्यासारख्या पुराव्यावरूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं (आयएआरसी) मिरसीनला ‘2बी’ गटात, म्हणजे माणसात कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं.

आता हिशेब करूया. साठ किलोच्या माणसाला यातला सगळ्यात कमी डोस लावला, तर दिवसाला 15 ग्रॅम शुद्ध मिरसीन होतं. ते पाण्याहून हलकं असल्यामुळे जवळजवळ 19 मिलिलिटर, म्हणजे कफ सिरपच्या झाकणात मावणार नाही एवढं. ते जवळपास रोज, दोन वर्षं.

आणि चहाचा कप? पाच ग्रॅम ताजी पानं धरा, म्हणजे दोन-तीन लांब पाती. त्यात सुगंधी तेल अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे ढोबळमानानं 20 मिलिग्रॅम. त्या तेलात मिरसीन 15 टक्के धरलं तर 3 मिलिग्रॅम होतं. तेही सगळं कपात उतरत नाही, कारण उकळताना बरंचसं वाफेबरोबर जातं. स्वयंपाकघरभर दरवळतं तेच ते. 15 ग्रॅम आणि 3 मिलिग्रॅम यांच्यात पाच हजार पटींचं अंतर आहे. सुरक्षितता तपासताना साधारणपणे प्राण्यांमधल्या निर्धोक डोसाला 100 नं भागतात: प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी 10, माणसामाणसातल्या फरकासाठी आणखी 10. इथं निर्धोक नव्हे, परिणाम दिसलेल्या डोसाशी तुलना केलीय, तरी अंतर एवढं आहे.

याच हिशेबात आणखी एक चूक होते, ती शिकलेल्या लोकांकडून. फ्लेवरच्या तपासणीत एक प्राथमिक चाळणी असते. साध्या रचनेच्या पदार्थांसाठी (क्रेमर वर्ग एक) ती दर माणशी दिवसाला 1800 मायक्रोग्रॅम, म्हणजे 1.8 मिलिग्रॅम आहे. वरचा 3 मिलिग्रॅमचा आकडा तिच्या पुढं जातो, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘मर्यादा ओलांडली!’ ती विषाची रेघ नव्हे. ती ओलांडली की त्या पदार्थाचे प्राण्यांवरचे अभ्यास काढून सविस्तर तुलना करायची, एवढाच तिचा अर्थ. ती तुलना आपण आत्ताच केली.

‘खायला चालतं’ म्हणजे ‘ओढायला चालतं’ असं समजणं

माझ्या मते ही सगळ्यात धोकादायक चूक, कारण इथं माणसं मेली आहेत.

खाल्लेला पदार्थ आतड्यातून यकृतात जातो आणि तिथं त्याची बरीच मोडतोड होते. श्वासातून गेलेला पदार्थ फुफ्फुसाच्या नाजूक पडद्यावर बसतो आणि तिथून थेट रक्तात उतरतो. फ्लेवरची सुरक्षितता आजवर तपासली गेली ती खाण्यापिण्यासाठी. अमेरिकेत ‘ग्रास’ (सर्वसाधारणपणे सुरक्षित) नावाची मान्यता देणारी फ्लेवर उत्पादकांची संघटना, फेमा, तीही सांगते की तिची मान्यता खाद्यपदार्थांपुरती आहे, व्हेपिंगला (ई-सिगारेटसारख्या यंत्रातून वाफ ओढण्याला) ती लागू नाही. तरीही मिरसीनसारखी टर्पीनं ‘फूड ग्रेड’ म्हणून घेऊन गांजाच्या अर्कात मिसळली जातात आणि व्हेपच्या कार्ट्रिजमध्ये भरली जातात.

2000 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांत फुफ्फुसाचा गंभीर आजार सापडला. संशय गेला लोण्याच्या फ्लेवरमधल्या डायअसिटिलवर. तोच पदार्थ विरजणाच्या लोण्यात, ताकात निसर्गतः असतो, खाताना त्याचा त्रास नाही. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेपिंगनं फुफ्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2807 जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यात मृत्यू 68. तपासलेल्या 51 रुग्णांपैकी 48 जणांच्या फुफ्फुसातल्या द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिळालं. गोळीतून घ्यायला आणि क्रीममधून चोळायला जे चालतं, तेच.

मिरसीनचं स्वतःचं काय होतं? पोर्टलँड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये गांजाचा अर्क तापत्या पत्र्यावर टाकून ओढण्याची पद्धत प्रयोगशाळेत तपासली. मिरसीन, लिमोनीन, लिनालूल जास्त तापल्यावर त्यांतून मेथाक्रोलीन आणि बेंझीन तयार होताना दिसलं, आणि तापमान वाढेल तसं त्यांचं प्रमाण वाढत गेलं. बेंझीन रक्ताच्या कॅन्सरशी पक्कं जोडलेलं आहे. गवती चहाच्या पातेल्यात पाणी असेतो तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, तिथं हा प्रश्न येत नाही.

आपल्याकडे ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे, तरी लपूनछपून मिळतात. कॉलेजला जाणारी मुलं घरात असतील तर ‘हे तर फळाचं फ्लेवर आहे’ या वाक्याला त्यांच्यासमोर मान डोलवू नका.

गांजाचा सुगंध आणि गांजा एकच मानणं

मिरसीननं नशा होत नाही, नशा गांजातल्या टीएचसी या दुसऱ्याच घटकानं होते. त्यामुळे ‘कॅनाबिस टर्पीन’ असं लिहिलेला फ्लेवर केवळ नावामुळे अमली पदार्थ ठरत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: मिरसीन खाण्यात मान्य आहे म्हणून गांजाचा पदार्थ सुरक्षित होत नाही. टीएचसी किती, कीटकनाशक किती, बुरशी आहे का, हे सगळे वेगळे प्रश्न आहेत आणि फ्लेवरच्या कागदपत्रांत त्यांची उत्तरं नसतात.

कायद्याचंही नीट बघा. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात शेंडे सोडून नुसती पानं आणि बी ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाहीत, पण त्यावर राज्याचे वेगळे नियम आहेत. ‘भांग कायदेशीर आहे’ असं कुणाच्या तोंडून ऐकून रंगपंचमीच्या थंडाईत ती घालून विकायला बसू नका.

आंबा खाऊन वर गांजा ओढला की जास्त चढतो, हाही समज मिरसीनच्या नावावर खपतो. माणसांवरच्या अभ्यासाचा त्याला आधार नाही. आणि आपल्या हापूसच्या वासात मिरसीनपेक्षा ओसिमीन नावाचं दुसरंच टर्पीन पुढं असतं.

अगरबत्तीच्या दुकानातलं तेल सरबतात घालणं

आता कामाचं बोलूया. गवती चहाचं तेल दोन प्रकारे विकलं जातं, खाण्यासाठी आणि वासासाठी. वासाचं तेल स्वस्त मिळतं म्हणून ते कुल्फीत घातलं जातं. त्यात काय मिसळलंय हे सांगायची विक्रेत्यावर अन्नाच्या नियमांची जबाबदारी नसते. खाण्याचं तेल घेताना एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा. शुद्ध मिरसीन असेल तर अहवालावर सीएएस क्रमांक (रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक) 123-35-3 हवा. बाजारातलं बरंचसं मिरसीन टर्पेंटाइनमधल्या पायनीनला प्रचंड तापवून बनवतात. मूळ पाइनच्या झाडाचं असलं तरी ते ‘नैसर्गिक फ्लेवर’ म्हणून लेबलवर लिहिता येत नाही. ‘निसर्गसदृश’ लिहावं लागतं.

थेंबांनी मोजू नका. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. गुजरीत सराफाकडे असतो तसा बारीक काटा घ्या, एक ग्रॅम तेल 99 ग्रॅम पिठीसाखरेत नीट घोटा, आणि त्या साखरेतून मोजा. अशा एक ग्रॅम साखरेत 10 मिलिग्रॅम तेल आलं. पुरवठादारानं सांगितलेलं प्रमाण मग चुकत नाही. ही साखर थोडी थोडीच करा, वास लवकर उडतो.

तक्रार येते की पहिल्या महिन्यात मस्त लागलेलं सरबत नंतर वार्निशसारखं वास मारतंय. बाटली उघडून बघा, अर्धी रिकामी असणार. मिरसीन हवेनं आणि उजेडानं बिघडतं, त्याचे रेणू एकमेकांना चिकटून तेल घट्ट होतं. गडद काचेच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या लहान बाटल्यांत, थंड जागी ठेवा. चिकट झालेलं तेल गाळून वापरायचा मोह टाळा, ते टाकून द्या.

ड्रॉपरचं रबर फुगलंय? थर्माकोलच्या कपाला भोक पडलंय? टर्पीनं रबर फुगवतात आणि थर्माकोल विरघळवतात. तोच कप गिऱ्हाइकाच्या हातात जाणार असतो, म्हणून तेलाचं मिश्रण काचेत किंवा स्टीलमध्येच करा.

काही घटक एफएसएसएआयच्या नियमांत फ्लेवर म्हणून सरळ निषिद्ध आहेत. त्यात कुमारीन, सॅफ्रोल, थुजोन, एस्ट्रागोल, वेखंडातलं बीटा-ॲसारोन आणि मिथाइल युजेनॉल येतात. यातले बरेच आपल्या मसाल्यांत आणि औषधी मुळ्यांत निसर्गतः थोडे थोडे असतात. मसाला वापरायला बंदी नाही, पण तो घटक वेगळा काढून घालायला आहे. ‘पानाचा’, ‘मसाल्याचा’ असा तयार फ्लेवर घेताना पुरवठादाराकडून हे घटक नाहीत असं लेखी घ्या.

शेवटी घरातलं. शुद्ध मिरसीन आणि अशी तेलं पेटणारी आहेत, शेगडीजवळ ठेवू नका. लहान मुलानं बाटली तोंडाला लावली तर सगळ्यात मोठा धोका तेल घशातून फुफ्फुसात उतरण्याचा. अशा वेळी मीठपाणी पाजून उलटी काढू नका, उलटीबरोबर तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना लेबल दाखवा.