शास्त्रीय गायन स्पर्धेचे परीक्षण कसे करावे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या गायन स्पर्धेला बोलावलेले परीक्षक बहुधा त्याच भागातील गुरू असतात, आणि स्पर्धकांपैकी एखादा त्यांच्याकडेच शिकत असतो. म्हणून स्पर्धेपूर्वीच नियम ठरवावा, की आपल्या शिष्याला परीक्षकाने गुण देऊ नयेत आणि त्याच्यासाठी उरलेल्या परीक्षकांची सरासरी धरावी. वॉर्सॉच्या शोपँ पियानो स्पर्धेतही परीक्षक स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण देत नाहीत. अशा नियमात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नाही.

शंभर गुणांची विभागणी मी अशी सुचवेन: सूर ३०, राग ३०, लय-ताल २५, शब्दोच्चार व मांडणी १५. सुराचे परीक्षण तानपुऱ्यापासूनच सुरू होते. मालकंस रागात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे न लावायचा स्वर, असल्याने तानपुरा मध्यमात (म) लावला आहे का, हे आधी ऐकावे. रागाचे गुण मात्र सर्वांत जपून द्यावेत. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच आहेत, पण भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, असून राग पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, खुलतो, तर देशकारात धैवत (ध) वादी असून त्याचा ओढा उत्तरांगाकडे, म्हणजे वरच्या अर्ध्याकडे, असतो. स्वर एकही न चुकता गाणारी मुलगी भूप गाताना पुन्हा पुन्हा धैवतावर ठाण मांडत असेल, तर तिला रागाचे पूर्ण गुण देता येणार नाहीत, आणि तिची तान कितीही दाणेदार असली तरी ही उणीव भरून निघत नाही. लयीत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे पुरेसे नाही. विलंबित (संथ) एकतालाच्या बारा मात्रांत आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, कसे भरले, हे पाहावे.

शब्दोच्चारांबाबत खानदेशात एक काळजी हवी. अनेक बंदिशी (रागात बांधलेल्या गीतरचना) ब्रज भाषेतील असतात, आणि घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या उच्चारात अहिराणीची छटा येते. शब्द स्पष्ट असेल व सूर त्यात नीट बसला असेल, तर या छटेसाठी गुण कापू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

गायन संपताच, आपसात न बोलता, प्रत्येकाने गुण आणि एका वाक्यात कारण लिहावे. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत वादनाचा क्रम चिठ्ठीने ठरत असूनही पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचे क्रमांक तुलनेने खाली गेल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. आधी गाणाऱ्यांचा असा तोटा टळावा यासाठी साठ, पंचाहत्तर आणि नव्वद गुण कशा गायनाला द्यायचे, हे परीक्षकांनी आधीच ठरवावे.

निकाल नुसत्या बेरजेने लावू नये. दोन परीक्षकांनी ‘अ’ला ८२ व ८१, ‘ब’ला ८० व ७९ दिले आणि तिसऱ्याने ‘अ’ला ६०, ‘ब’ला ७५ दिले, तर बेरजेत ‘ब’ २३४ विरुद्ध २२३ असा पुढे जातो, जरी दोघांना ‘अ’ सरस वाटला होता. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून क्रमांक काढून त्यांची बेरीज केली, तर ‘अ’ची ४ आणि ‘ब’ची ५ होते, व कमी बेरजेचा ‘अ’ विजयी ठरतो. निकालानंतर लिहिलेली कारणे प्रत्येक स्पर्धकाला द्यावीत, म्हणजे पुढचा रियाज कशावर करायचा हे त्याला कळेल.