घरातली आवर्त सारणी कशी मांडावी

दहावीची परीक्षा झाली की आवर्त सारणी डोक्यातून निघून जाते. तीच सारणी आपल्या परड्यातल्या, पुळणीवरच्या आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी भरली, तर ती विसरणं अवघड. कोकणात हे सहज जमतं, कारण पायाखालचा जांभा, खाडीकाठचं मिठागर, तिसऱ्यांची शिंपलं अशी एकेका चौकटीची वस्तू हाताशीच असते. सारणी भरताना एक गोष्ट पक्की कळते: अणू संपत नाहीत, विखुरतात. एखादं मूलद्रव्य दुर्मीळ होत चाललंय म्हणजे त्याचे अणू नाहीसे झालेले नसतात. ते इतके पांगलेले असतात की पुन्हा गोळा करणं परवडत नाही.

पायरी 1: चौकटी आखा

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर 18 उभे रकाने आणि 7 आडव्या ओळी आखा. पहिल्या ओळीत दोनच चौकटी भरायच्या: डाव्या टोकाला हायड्रोजन, उजव्या टोकाला हेलियम. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत डावीकडे दोन, उजवीकडे सहा. मधले दहा रकाने कोरे. सगळी 118 मूलद्रव्यं लिहीत बसू नका. पहिली 20 लिहा, मग टायटॅनियम (22), लोखंड (26), तांबं (29), जस्त (30), इंडियम (49), आयोडीन (53), सोनं (79) आणि शिसं (82).

कंसातला आकडा म्हणजे अणुअंक, अणूच्या केंद्रातल्या प्रोटॉनची संख्या. सोन्याचे 79, पाऱ्याचे 80. एका प्रोटॉनच्या फरकाने घन धातूच्या शेजारी द्रव धातू येऊन बसतो. एका उभ्या रकान्यातल्या, म्हणजे एका गणातल्या, मूलद्रव्यांच्या बाहेरच्या कक्षेत बहुधा सारखेच इलेक्ट्रॉन असतात, म्हणून त्यांचे गुण जुळतात. याला अपवाद हेलियम: बाहेर दोनच इलेक्ट्रॉन, पण कक्षा पूर्ण भरलेली, म्हणून तो राजवायूंच्या रकान्यात.

वस्तू न मिळालेली चौकट रिकामी राहू द्या. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी 1869 साली सारणी मांडताना काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडल्या होत्या. ॲल्युमिनियमखालच्या जागेतलं गॅलियम 1875 साली सापडलं.

पायरी 2: मिठापासून सुरुवात करा

मिठात दोन चौकटी आहेत, सोडियम आणि क्लोरीन. आयोडीनयुक्त मिठाच्या पुडीत तिसरीही, अगदी कणभर. चिमूटभर बारीक मीठ गॅसच्या निळ्या ज्योतीवर भुरभुरा. हे मोठ्या माणसानेच करावं. ज्योत क्षणभर झगझगीत पिवळी होते. मीठ घातलेली पेज उतू गेली की हाच रंग दिसतो. सोडियमचे इलेक्ट्रॉन 2, 8, 1 असे मांडलेले असतात. उष्णतेने तो बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि परत खाली येताना पिवळा प्रकाश सोडतो.

या पिवळ्या रंगाशी विजयदुर्गाचा संबंध आहे, आणि तो नीट सांगायला हवा. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी इंग्लंडहून, सूर्याच्या कडेचा वर्णपट अभ्यासला. सोडियमच्या पिवळ्या रेषांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी एक रेषा तिथे होती. तीच हेलियमची. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो 1895 साली, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना. लॉकयर 1868 सालीच विजयदुर्गावर होते असं बरेचदा लिहिलं जातं. प्रत्यक्षात ते तिथे आले जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. एवढ्याने गडाचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही, आणि तिथे 18 ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त त्या दिवशी हेलियमचे फुगे सोडू नयेत. जमिनीखाली युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासातून फार सावकाश साठलेला हा वायू एकदा मोकळा सुटला की वातावरणाबाहेर निघून जातो, आणि एमआरआय यंत्रातली चुंबकं थंड ठेवायला तोच लागतो.

पायरी 3: परडं आणि पुळण धुंडाळा

तिसऱ्यांची रिकामी शिंपलं धुऊन कुटा आणि त्या भुकटीवर लिंबू पिळा. बारीक फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. म्हणजे एका शिंपल्यात कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन अशा तीन चौकटी भरल्या.

पुळणीवर जिथे काळ्या वाळूचे पट्टे दिसतात तिथली मूठभर वाळू वाळवा. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. (चुंबक पिशवीबाहेर ठेवलंत तर कण खरवडून काढता काढता जीव जाईल.) चटकन उभे राहून चिकटतात ते मॅग्नेटाइटचे कण, लोखंडाचे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिजही आहे, त्यात लोखंडाबरोबर टायटॅनियम असतं. साध्या चुंबकाला ते फारशी दाद देत नाही. भिंतीच्या पांढऱ्या रंगाला पांढरेपणा देणारं टायटॅनियम ते हेच.

जांभ्याचा तुकडा मात्र अवश्य ठेवा. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने काळ्या कातळातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन नेली. मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. जांभा लाल का आणि आंबा-काजूच्या बागेला पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, का घालावं लागतं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एका तुकड्यात आहे.

पायरी 4: रंग द्या

वापरल्यानंतर काय होतं, हे पाहून प्रत्येक चौकट रंगवा.

हिरवा: सहज परत मिळणारी. तांब्याची कळशी किंवा ॲल्युमिनियमचा टोप भंगारात गेला तरी धातू वाया जात नाही. भंगारातून ॲल्युमिनियम करायला, खनिजापासून करण्याच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते.

पिवळा: काळजी घेतली तरच राहणारी. यात मी फॉस्फरस सर्वांत वर ठेवतो. पिकाला त्याच्याऐवजी दुसरं काही चालत नाही, तो खडकातून खणून काढावा लागतो, आणि जांभ्या मातीतलं लोखंड-ॲल्युमिनियम त्याला असं धरून ठेवतं की मुळांना मिळत नाही. उरलेला मातीबरोबर पावसाने खाडीत जातो. म्हणून खत मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकू नका, शेणखत-पालापाचोळा भरपूर घाला आणि मासळीची डोकी, काटे माडाच्या आळ्यात खोल पुरा. माशांच्या काट्यात कॅल्शियम फॉस्फेटच असतं.

लाल: हातून निसटणारी. हेलियम, पागाला (फेकून मासे धरायच्या जाळ्याला) लावलेले आणि खाडीत तुटून पडणारे शिशाचे मणी, मोबाइलच्या पडद्यावरचा इंडियमचा पातळ थर. हा थर इतका विरळ असतो की जुन्या फोनमधून इंडियम सहसा परत काढलंच जात नाही. तेव्हा फोन दुरुस्त करून आणखी दोन वर्षं वापरणं हाच उपाय.

पायरी 5: बरणी ठेवा

सारणीखाली झाकणाची एक कोरडी प्लास्टिकची बरणी ठेवा. मनगटी घड्याळातले, रिमोटमधले संपलेले सेल तिच्यात जमा करा. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे एकमेकांना लागून तापणार नाहीत. बटण सेल लहान मुलांच्या हाताला लागता कामा नयेत, गिळले गेले तर जिवावर बेततं. फुगलेली मोबाइलची बॅटरी बरणीत घालू नका, ती वेगळी ठेवून लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या. तांब्यासाठी वायरी जाळू नका. प्लास्टिकच्या धुरातली क्लोरीनची विषारी संयुगं थेट छातीत जातात. बरणी भरली की तीही त्याच केंद्रावर पोचवा.