हिंदीतला ‘है’ आणि इंग्रजीतला ‘इज’

इंदुरात हिंदी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितोय. नाम, क्रियापद तुम्हाला ओळखता येतं. इंग्रजीत आधी कर्ता, लगेच क्रियापद आणि मग कर्म, हेही शाळेत झालंय. तरी वाक्य जुळत नाही, कारण घरातलं मराठी वाक्य आपण मनात आधी हिंदीत करतो आणि तिथून इंग्रजीत नेतो. मी सगळ्यात जास्त इथेच अडकलो.

‘आई पोहे करते’ हे वाक्य घ्या. यात ‘आहे’ कुठेच नाही. हिंदीत त्याचं ‘माँ पोहे बनाती है’ होतं आणि तो शेवटचा ‘है’ दिसला की हात आपोआप ‘इज’ लिहितो: ‘मदर इज मेक पोहा’. साफ चूक. ‘मदर मेक्स पोहा’, बस. इथे त्या ‘है’साठी वेगळा शब्द लागतच नाही, क्रियापदाला फक्त ‘एस’ जोडायचा. आता ‘आई पोहे करतेय’ म्हणा. ‘करतेय’ म्हणजे ‘करते आहे’. इथे मात्र ‘इज’ हवाच: ‘इज मेकिंग’. ‘पोहे गरम आहेत’ यात दुसरं क्रियापदच नाही, म्हणून ‘पोहा इज हॉट’. हिंदीला मध्ये आणलं नाही तर मराठीच बरंच काम सोपं करते. पण डोळे मिटून चालू नका. ‘आई आली आहे’ला ‘हॅज कम’ लागतं, ‘मला दोन भाऊ आहेत’ला ‘हॅव’.

नकारात तो ‘एस’ ‘डू’कडे जातो: ‘मदर डज नॉट मेक’. ‘डज नॉट मेक्स’ लिहिलंत की गुण गेले.

‘तीस दिवसांत इंग्रजी’वाल्यांच्या नादी लागू नका. भंवरकुआँला, म्हणजे इंदुरातल्या क्लासवाल्या भागात, क्लास बघायला गेलात तर आधी वर्गात बसून पाहा. सर नुसती ‘ता है, ती है’ची ओळख, म्हणजे हिंदी वाक्याच्या शेवटावरून काळ ओळखणं, पाठ करून घेत असतील तर उठा. वही तपासून चूक का झाली ते सांगणारे भेटले, तर फी थोडी जास्त असली तरी सोडू नका.

घाबरू नका, ही सवय सुटते. रोज घरातलीच वाक्यं करा. फक्त ‘बाबा दुकान उघडतात’ला जपा. ‘उघडतात’ हे आपण मानाने म्हणतो, इंग्रजीत तसं आदरार्थी बहुवचन नाही. ‘फादर ओपन द शॉप’ नव्हे, ‘फादर ओपन्स द शॉप’.