डिजिटल गेम घेताय? आधी या चुका टाळा

"गेम घेतलाय, पण नीट चालत नाही. पैसे परत मिळतील का?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. मी उलट एकच विचारतो: लायब्ररीत, म्हणजे अकाउंटवरच्या गेमच्या यादीत, खेळलेला वेळ किती दाखवतोय? जवळजवळ दर वेळी उत्तर येतं, चार-साडेचार तास. मग माझ्या हातात सांगण्यासारखं काही उरत नाही.

पैसे परत मिळण्याचे नियम लपवलेले नाहीत. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात जून २०१५ पासून नियम आहे की खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत असेल, तर कुठल्याही कारणासाठी गेम परत करता येतो. एपिक या दुसऱ्या दुकानातही बहुतेक गेमसाठी हेच दोन आकडे आहेत. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस असले तरी एकदा डाउनलोड सुरू केलं की, गेम सदोष नसेल तर, तो हक्क जातो. गॉग या दुकानात ३० दिवस मिळतात, खेळून झालेला असला तरी. हे चार नियम वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण खरेदीच्या दिवशी ती पाच मिनिटं कुणाकडेच नसतात.

दोन तासांचं घड्याळ तुम्ही पहिला शत्रू मारल्यावर सुरू होत नाही. गेमचा प्रोग्राम उघडला की ते सुरू होतं. शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना पट्टी सरकते तो वेळ, पात्राचं नाक-डोळे ठरवण्यात गेलेला वेळ, पॉज करून जेवायला गेलात तो वेळ, सगळा त्यात धरला जातो. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला तेव्हा स्टीमवरून फक्त छोटा भाग उतरत होता. उरलेले ९० जीबीहून जास्त गेम उघडल्यावर आतूनच डाउनलोड होत. विमान धावपट्टीवर यायच्या आत लोकांचे दोन तास संपले होते.

माझ्या भाच्याचंही असंच झालं. नवा गेम, मोठं नाव, आणि त्याच्या मशीनवर दर दहा सेकंदांनी झटके. मी त्याला फोनवर सांगितलं, बंद कर आणि परत कर, दोन-तीन पॅच (दुरुस्तीचे अपडेट) आल्यावर पुन्हा घेऊ. तो म्हणाला, "मामा, थांब ना, एक सेटिंग बदलून बघतो." सावल्या कमी केल्या, मग टेक्स्चर, मग ड्रायव्हर बदलला, मग कुणीतरी सांगितलेली एक फाइल बदलली. प्रत्येक बदलानंतर गेम पुन्हा सुरू, आणि प्रत्येक वेळी शेडरची तीच पट्टी. दोन तास चाळीस मिनिटांनी तो थकला. पैसे परत करण्याचा अर्ज नामंजूर झाला. कितीतरी महिने साठवलेले पैसे होते त्याचे, मला फार वाईट वाटलं. झटके पुढे पॅचनं गेले, पण तोवर त्याची त्या गेमवरची इच्छाच उडाली होती.

म्हणून माझी सवय अशी: पहिल्या दिवशी मी गेम खेळत नाही, तपासतो. फोनवर ४५ मिनिटांचा गजर लावतो. सुरुवातीची दृश्यं ओलांडून शक्य तितक्या लवकर जिथे गर्दी, पाऊस किंवा आग असेल अशा जड भागात जातो. कंट्रोलर ओळखला जातो का, अक्षरं वाचता येतात का, ऑनलाइन गेम असेल तर एक पूर्ण सामना मिळतो का, एवढं बघतो. गजर वाजला की गेम बंद करून ठरवतो, ठेवायचा की परत करायचा. कथेची मजा दुसऱ्या दिवशी. हे ऐकून नवखे लोक तोंड वाकडं करतात, पण माझ्या लायब्ररीत वाया गेलेला गेम गेल्या कित्येक वर्षांत नाही.

डीएलसीचा (मूळ गेमला जोडून विकत घ्यायच्या जादा भागाचा) हिशेब थोडा वेगळा. स्टीमवर ते घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. आणि महागडी आवृत्ती घेऊन तीन दिवस आधी खेळायला मिळतं, तो वेळही एप्रिल २०२४ पासून स्टीम दोन तासांत धरतं.

प्री-ऑर्डरबद्दल माझं मत पक्कं आहे: करू नका. डिजिटल गेमचा साठा संपत नाही, मग आधी पैसे देऊन जागा कसली अडवता? सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२०च्या १० तारखेला आला आणि जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या स्टोअरवरून काढला. परत आला तो थेट जून २०२१ मध्ये. आज तो उत्तम गेम आहे. थांबलेल्यांना तोच गेम चांगल्या अवस्थेत आणि कमी पैशांत मिळाला.

अकाउंट म्हणजेच तुमची लायब्ररी

गेमची डिस्क नसते, पेटी नसते. असतं ते फक्त एक अकाउंट. तरी लोक त्याची काळजी सायकलच्या कुलपाइतकीही घेत नाहीत. हे मी अधिकारानं सांगतो, कारण माझं अकाउंट गेलं होतं.

रात्रीचे अकरा वाजले होते. जुन्या मित्राकडून चॅटवर संदेश आला: आमची टीम स्पर्धेत आहे, एक मत देशील का? त्याच्याशी मी वर्षानुवर्षं खेळलेलो, शंका यायचं कारणच नव्हतं. दुवा उघडला, मत देण्यासाठी लॉगिन मागितलं, नेहमीची लॉगिनची खिडकी आली. वरच्या पट्टीत पत्ता बरोबर, कुलपाचं चिन्ह बरोबर. मी पासवर्ड टाकला, फोनवर आलेला कोडही टाकला. दहा मिनिटांत मी बाहेर फेकला गेलो. मित्राचं अकाउंट आधीच चोरलेलं होतं आणि आता माझ्या नावानं माझ्या यादीतल्या सगळ्यांना तोच संदेश जात होता.

ती खिडकी खरी नव्हतीच. ती पानावर काढलेलं चित्र होती, पत्त्याच्या पट्टीसकट. ओळखायची खूण सोपी आहे आणि ती मला तेव्हा माहीत नव्हती: अशी खिडकी माउसनं धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून बघा. खरी असेल तर बाहेर येते, चित्र असेल तर कडेला अडकते. दुसरी खूण म्हणजे पासवर्ड मॅनेजर खोट्या पत्त्यावर पासवर्ड स्वतःहून भरत नाही. तो गप्प बसला की आपणही थांबायचं.

पण खरं नुकसान पासवर्डनं केलं नाही, जुन्या ईमेलनं केलं. अकाउंट मी विद्यार्थी असताना काढलेलं आणि त्यावरचा ईमेल मी केव्हाच वापरायचा सोडला होता. न वापरल्यामुळे तो बंदही झाला होता. "तुमचा ईमेल बदलला आहे, तुम्ही नसाल तर इथे दाबा" हा इशारा कुठे गेला असेल? कुठेच नाही. मदत केंद्राकडे हे अकाउंट माझंच आहे हे सिद्ध करायला अकरा दिवस लागले. शेवटी कामी आली ती माळ्यावरच्या खोक्यातली एका जुन्या गेमची पेटी. आत छापलेली 'की', म्हणजे गेम अकाउंटवर नोंदवायचा कोड, मी त्या अकाउंटवर सगळ्यात आधी नोंदवली होती. लायब्ररी परत मिळाली. जमवलेल्या स्किन (पात्रांची, हत्यारांची सजावट) मात्र गेल्या त्या गेल्याच.

तेव्हापासून गेमसाठी माझा एक वेगळा ईमेल आहे, जो मी बाकी कुठेच देत नाही आणि दर रविवारी उघडतो. ऑथेंटिकेटरचे (लॉगिनचा कोड देणाऱ्या ॲपचे) रिकव्हरी कोड कागदावर लिहून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवलेत, फोनमध्ये नाही, कारण फोन हरवला तर तेही जातील. प्रत्येक खरेदीची पावती एका फोल्डरमध्ये. जुना फोन विकण्याआधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवतो. आणि स्टीमवर अकाउंट चोरीला गेलंच, तर फक्त पासवर्ड बदलून थांबू नका. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा आणि तुमच्या नावावर कुणी वेब एपीआय की (प्रोग्रामला तुमच्या अकाउंटमध्ये शिरू देणारी गुप्त चावी) काढून ठेवली आहे का ते बघून ती रद्द करा. चोर ती मागे ठेवतात, आणि पुढच्या देवघेवीत तुमची वस्तू मध्येच दुसरीकडे वळवतात.

"दोन-दोन कोड टाकायचा कंटाळा येतो" असं म्हणणारे मला दर आठवड्याला भेटतात. मी त्यांना ते अकरा दिवस सांगतो.

स्वस्तात मिळालेली की

सेलपर्यंत दम धरवत नाही म्हणून लोक अनोळखी विक्रेत्याकडून की घेतात. की निम्म्या किमतीत का मिळते, हा प्रश्न मात्र पडत नाही. काही वेळा दुसऱ्या देशासाठीची स्वस्त की असते. काही वेळा चोरलेल्या कार्डावर घेतलेली असते. कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, पैसे परत जातात, गेम बनवणाऱ्याला उलट दंड बसतो आणि तो ती की रद्द करतो. तुमच्या लायब्ररीतून गेम नाहीसा होतो, विक्रेता तोवर नाव बदलून बसलेला असतो. २०१९ मध्ये काही छोट्या गेम बनवणाऱ्यांनी उघडपणे सांगितलं होतं की अशा विक्रेत्यांकडून की घेण्यापेक्षा आमचा गेम पायरेट करा, निदान आम्हाला भुर्दंड तरी बसणार नाही. स्वतःच्या कामाबद्दल माणूस असं म्हणतो, ते मला आजही बोचतं.

मी काय करतो? विशलिस्टमध्ये टाकतो आणि किमतीचा इतिहास बघतो. स्टीमडीबी आणि इझ देअर एनी डील या दोन ठिकाणी तो फुकट दिसतो. आजवरची सगळ्यात कमी किंमत आली की घेतो, नाही आली तर लायब्ररीतले न उघडलेले गेम खेळतो. ते प्रत्येकाकडे असतात.

"माझं नेट शंभरचं आहे, तरी लॅग का?"

कारण त्या शंभराचा लॅगशी फारसा संबंध नाही. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि ते डाउनलोडला उपयोगी. सामना चालू असताना गेमला डेटा फार थोडा लागतो, पण तो वेळेवर आणि सारख्या अंतरानं पोचावा लागतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर पाच हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद लागणारच, तुम्ही कितीही महाग प्लॅन घ्या. म्हणून आधी गेममध्ये जवळचा सर्व्हर निवडलेला आहे का ते बघा.

मग स्वतःच्या राउटरला पिंग करा, म्हणजे संदेश जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजा. राउटरचा पिंगच एक-दोनवरून पन्नासवर उड्या मारत असेल तर दोष वायफायचा आहे, त्यासाठी कंपनीला फोन करून उपयोग नाही. केबल लावा. राउटर स्थिर आणि पुढे गडबड असेल, तर घरात कुणाचे फोटो क्लाउडवर चढताहेत का ते बघा. अपलोड भरलं की पिंग फुगतो. हे दोन्ही न करता पिंग कमी करणारी ॲप विकत घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी केबल, मग बाकीचं.

काही चुका एका ओळीत आटपतात. स्टोअरनं पैसे परत दिले नाहीत म्हणून बँकेतून व्यवहार उलटवू नका, अकाउंटला कुलूप लागतं. स्टीम फॅमिलीत (गेम वाटून खेळायच्या कुटुंबगटात) घेतलेल्या माणसानं तुमच्या प्रतीवर चीट केलं तर बॅन तुम्हालाही बसतो, म्हणून सहा जागा भरायची घाई नको. क्लाउड आणि मशीनवरचा सेव्ह जुळत नाही असं आलं की लगेच काही दाबू नका, आधी सेव्हचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. स्टीम डेकवर (लिनक्सवर चालणाऱ्या हातातल्या गेमयंत्रावर) ऑनलाइन गेम घेण्याआधी त्याची अँटी-चीट, म्हणजे चीट पकडणारी यंत्रणा, लिनक्सवर चालते का ते तपासा, एपेक्स लेजंड्सनं ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तो दरवाजा बंद केला. रत्नं, नाणी, पॉइंट असं काही घेताना त्या स्किनची किंमत खऱ्या पैशांत कागदावर लिहा आणि मगच दाबा. लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्या, मी उघडत नाही. बेल्जियमनं २०१८ मध्येच विकतच्या लूट बॉक्सना जुगार ठरवलं, आणि मला ते पटतं.

"घेतला" म्हणजे काय

द क्रू हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. एकट्यानं खेळायचा भाग भरपूर, पण त्यालाही सर्व्हर लागायचा. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि नंतर लोकांचे परवानेही काढून घेतले गेले. त्यातूनच एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट यांनी स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली. मोहिमेच्या युरोपातल्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा. स्टीमनं त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर ती ओळ टाकली. ती ओळ तिथे आहे. पुढच्या खरेदीला वाचा.

सिंगल प्लेयर गेम घेताना मी स्टीमवरच्या त्याच्या पानाच्या उजव्या बाजूला "सतत इंटरनेट आवश्यक" किंवा "दुसऱ्या कंपनीचं अकाउंट आवश्यक" असं लिहिलंय का ते बघतो. असेल तर तो गेम मी भाड्यानं घेतल्यासारखा मोजतो आणि तेवढेच पैसे देतो. जो गेम म्हातारपणीही खेळावासा वाटेल, तो गॉगवर मिळतो का ते आधी शोधतो, कारण तिथे पूर्ण इन्स्टॉलर उतरवून ठेवता येतो. असे इन्स्टॉलर मी एका बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवतो. वर्षातून एकदा इंटरनेटची केबल काढून त्यातले दोन-तीन गेम नव्यानं इन्स्टॉल करून बघतो. मागच्या वेळी एक फाइल अर्धवट उतरलेली सापडली. ती त्याच दिवशी पुन्हा उतरवून घेतली.