जस्ताच्या साठ्यातला कोअर: वाचायचा कसा, कापायचा कुठे

जस्त कोअरमध्ये, म्हणजे ड्रिलिंगने बाहेर काढलेल्या खडकाच्या कांडीत, चटकन डोळ्यांत भरत नाही. गॅलेना (शिशाचं खनिज) किंवा पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) लांबूनच लकाकतं, पण जस्ताचं मुख्य खनिज स्फॅलेराइट राळेसारखं दिसतं. त्यात लोह कमी असेल तर रंग मधाळ पिवळा असतो आणि फिक्या डोलोमाइटमध्ये (चुनखडीसारख्या खडकात) ते जवळजवळ लपून जातं. लोह जास्त असेल तर ते काळं पडतं, मग काळ्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या थरांच्या खडकात) त्याच्यावरून नजर सरळ घसरते. नमुना चुकीच्या जागेवरून कापला गेला, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही. म्हणून सगळा भर कोअर ठेवलेल्या पेटीजवळच्या कामावर द्यावा.

धुण्याआधी आणि धुतल्यावर

ड्रिलिंगच्या रॉडच्या आट्यांना लावायच्या काही ग्रीसमध्ये जस्ताची, तांब्याची किंवा शिशाची पूड असते. ग्रीस कोणतं वापरतात हे काम सुरू होण्याआधीच विचारून घ्या आणि धातूची पूड नसलेलंच मागवा. गॅल्व्हनाइझ्ड पत्र्याच्या पेट्यांवर जस्ताचा थर असतो, त्यामुळे त्याही टाळाव्यात. प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पेट्या चालतात. तांब्याच्या शोधात ज्या गोष्टीकडे कुणी पाहणारही नाही, ती जस्ताच्या कामात कमी प्रतीचे (म्हणजे कमी टक्के जस्ताचे) नमुने बिघडवते.

कोअर धुऊन तुकडे एकमेकांना जुळवा, ठोकळ्यांवरच्या खोलीच्या नोंदी तपासा आणि प्रत्येक रनची (एका वेळी ड्रिल केलेल्या टप्प्याची) रिकव्हरी काढा: मिळालेला कोअर भागिले ड्रिल केलेली लांबी. आरक्यूडीसाठी (खडक किती धड आहे याच्या टक्केवारीसाठी) १० सेंमी किंवा त्याहून लांब, धड तुकड्यांचीच लांबी धरायची. ड्रिलिंगमध्ये किंवा हाताळताना पडलेल्या ताज्या भेगांना तुकडा तुटला असं धरू नये. कोअरच्या ठरलेल्या आकारांपैकी एनक्यूचा व्यास ४७.६ मिमी, एचक्यूचा ६३.५ मिमी. पोकळ्या असलेल्या किंवा ऑक्सिडाइझ झालेल्या भागात एचक्यू आणि ट्रिपल ट्यूब (ठिसूळ कोअर सांभाळणारी जादा आतली नळी) वापरणं, रन ३ मीटरऐवजी १.५ मीटरचा ठेवणं हे खर्चाचं असलं तरी गरजेचं आहे. स्फॅलेराइटचं काठिण्य फक्त ३.५ ते ४ आणि पाटन (सपाट फुटण्याचे पृष्ठभाग) सहा दिशांना, त्यामुळे ठिसूळ धातुक (धातू असलेलं खनिज) पाण्याबरोबर वाहून जातं आणि पेटीत उरतो तो नापीक खडक. ७० टक्के रिकव्हरीच्या रनमधली प्रत नोंदवताना शेजारी रिकव्हरीचा आकडा लिहिलाच पाहिजे.

खनिज ओळखणं

स्टीलच्या टोकाने ओरखडा काढा. स्फॅलेराइट कितीही काळं असलं तरी त्याची पूड फिकी पिवळी ते तपकिरी निघते. तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की सडक्या अंड्याचा वास येतो. भिंगातून पाटनाचे चकाकते पृष्ठभाग कोअर फिरवताना एकेक करून उजळतात. गॅलेनाची पूड शिशासारखी करडी आणि वजन हाताला लगेच जाणवणारं.

खरी अडचण वरच्या, हवा-पाण्याने बदललेल्या भागात येते. स्मिथसोनाइट, हेमिमॉर्फाइट आणि हायड्रोझिंकाइट ही मातकट, पांढुरकी खनिजं चुनखडीच्या चुऱ्यासारखी दिसतात. त्यांच्यासाठी झिंक झॅप वापरतात: एका बाटलीत ३ टक्के पोटॅशियम फेरिसायनाइडचं द्रावण, दुसऱ्या बाटलीत ३ टक्के ऑक्झॅलिक आम्लात ०.५ टक्के डायएथिलअॅनिलीन. वापरायच्या वेळी दोन्ही सम प्रमाणात मिसळून फवारायचं. अशी बदललेली जस्ताची खनिजं असतील तिथे नारिंगी-लाल रंग उठतो. ताज्या स्फॅलेराइटवर रंग येत नाही, म्हणून रंग आला नाही याचा अर्थ जस्त नाही असा घेऊ नका. डायएथिलअॅनिलीन विषारी आहे. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल पडलेल्या जागी हे द्रावण फवारू नका, कारण फेरिसायनाइड आणि तीव्र आम्ल एकत्र आले तर विषारी वायू निघण्याचा धोका असतो. हायड्रोझिंकाइट लघुलहरी अतिनील दिव्याखाली निळसर पांढरं चमकतं. अंधाऱ्या खोलीत तोही एक सोपा पुरावा.

जस्त पाण्यात सहज विरघळून निघून जातं, शिसं मात्र बरंच जागेवर राहतं. त्यामुळे पृष्ठभागावरच्या गोसानमध्ये (धातुकाच्या गंजलेल्या, लोहयुक्त टोपीत) जस्त कमी आणि शिसं जास्त सापडलं, तर खाली जस्त नाही असं ठरवणं घाईचं होईल.

हातात धरायच्या, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने फेरफटका जरूर मारा, पण तो आकडा एका लहानशा ठिपक्याचा असतो. नमुन्याची हद्द ठरवायला त्याचा उपयोग करा, प्रत सांगायला करू नका.

डोळ्यांनी प्रत मोजताना

डोळ्याला दिसतं ते आकारमान, प्रयोगशाळा देते ते वजन. शुद्ध स्फॅलेराइटमध्ये ६७ टक्के जस्त असतं आणि त्याचं विशिष्ट गुरुत्व सुमारे ४; डोलोमाइटचं सुमारे २.८५. कोअरच्या पृष्ठभागाचा १० टक्के भाग स्फॅलेराइट असेल, तर वजनाने ते सुमारे १३.५ टक्के, म्हणजे जस्त जवळपास ९ टक्के. लोहयुक्त स्फॅलेराइटमध्ये हा आकडा थोडा खाली येतो. या हिशोबाने डोलोमाइटमध्ये दिसलेल्या टक्क्यांपेक्षा जस्ताचे टक्के थोडेच कमी निघतात. प्रत्येक मीटरचा अंदाज आधीच लिहून ठेवावा, कारण निकाल पाहिल्यावर नजर नकळत त्याच्या बाजूने झुकते.

खडकाची नोंद

खनिजाइतकंच त्याचं घर महत्त्वाचं. डोलोमाइटमधला ब्रेक्सिया (तुटक्या तुकड्यांचा जुळलेला खडक), पोकळ्यांत थरांवर थर बसलेलं स्फॅलेराइट, तांबं जवळपास नाही: हे साठ्याच्या मिसिसिपी व्हॅली प्रकाराकडे बोट दाखवतं. शेलमध्ये अतिबारीक थरांत पसरलेलं धातुक सेडेक्सकडे (समुद्रतळाच्या गाळात तयार झालेल्या साठ्याकडे). ज्वालामुखी खडक, पायराइटचे जाड थर आणि खाली चॅल्कोपायराइटच्या (तांब्याच्या खनिजाच्या) शिरांचं जाळं असेल तर व्हीएमएस (ज्वालामुखीशी जोडलेला सल्फाइड साठा). गार्नेट आणि पायरॉक्सीन असेल तर स्कार्न (तप्त शिलारसाच्या संपर्काने बदललेला खडक). प्रकार लवकर ओळखला की पुढचं छिद्र कुठे घ्यायचं हे ठरतं, कारण व्हीएमएसमध्ये जस्त बहुधा तांब्याच्या गाभ्याच्या बाहेरच्या अंगाला मिळतं. जस्त-शिसं आणि जस्त-तांबं ही गुणोत्तरं प्रत्येक छिद्रासाठी काढून नकाशावर मांडा.

थर किंवा शीर कोअरच्या अक्षाशी किती कोन करते तो अल्फा कोन मोजा. खरी जाडी = कोअरमधली लांबी × साइन अल्फा. ३० अंशांवर ८ मीटरचा छेद म्हणजे खरी जाडी ४ मीटर. दर ३० मीटरला छिद्राचा कल तपासा. पायरोटाइट असेल तर चुंबकीय साधन चुकीची दिशा देतं, तिथे चुंबकावर न चालणारं दिशादर्शक, म्हणजे जायरो, लागतं.

कापणं आणि नमुने

नमुन्याची हद्द खडकाच्या किंवा खनिजाच्या सीमेवर, टेपवरच्या मीटरवर नव्हे. लांबी साधारण १ मीटर, कमीत कमी ०.३ मीटर, जास्तीत जास्त १.५. खनिजाच्या दोन्ही बाजूंचे २-३ मीटर नापीक दिसले तरी घ्या. कापरेषा थरांच्या उतारावरून अशी आखा की दोन्ही अर्ध्या भागांत खनिज सारखं येईल, आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूचा अर्धा पाठवा. सोयीचा अर्धा निवडणं ही सगळ्यात सहज होणारी चूक आहे. साधारण दर २० नमुन्यांत एक प्रमाणित नमुना (ज्याची प्रत आधीच माहीत आहे), एक जस्तविरहित आणि एक दुहेरी (त्याच जागेचा दुसरा नमुना) घाला. जस्तविरहित नमुना भरघोस खनिजाच्या नमुन्यानंतर लगेच ठेवला, तरच दळणयंत्रातली भेसळ उघड होते. १ टक्क्याच्या वर गेलेल्या नमुन्यांसाठी धातुकाच्या प्रतीची वेगळी चाचणी आधीच मागून ठेवा.

विशिष्ट गुरुत्व दर नमुन्यामागे काढा: हवेतलं वजन भागिले हवेतलं आणि पाण्यातलं वजन यांतला फरक. पोकळ्या असतील तर आधी मेणाचा पातळ थर द्या आणि मेणाचं आकारमान वजा करा. याची गरज सरासरीत कळते. २ मीटर ३ टक्क्यांचा डोलोमाइट (२.९) आणि त्यालगत अर्धा मीटर २० टक्क्यांचा पायराइटने भरलेला थर (४.२) असा छेद घ्या. नुसत्या लांबीने सरासरी ६.४ टक्के येते. लांबी × विशिष्ट गुरुत्व धरलं तर ७.५. अहवालात कोणती पद्धत वापरली ते लिहा, आणि छेदाच्या लांबीशेजारी खरी जाडीही द्या. उरलेला अर्धा कोअर छताखाली, कोरड्या जागी ठेवा: पायराइट ओलाव्यात लवकर गंजतं, त्यातून आम्ल सुटतं आणि काही वर्षांत पेटीत लेबलसुद्धा वाचता येत नाही.