मागच्या गटाला ताटकळत ठेवू नका
गोल्फमध्ये वेळ जातो तो फटक्यात नव्हे, फटक्याच्या तयारीत. दुसरा खेळत असतानाच, त्याला अडथळा न आणता, आपलं अंतर पाहा, क्लब (फटका मारायची काठी) ठरवा. पाळी आली की 40 सेकंदांत फटका बसावा, नियमांतली शिफारसही तीच आहे. चेंडू झाडीत हरवल्याची शंका आली तर तसं सांगून लगेच प्रोव्हिजनल चेंडू (पहिला सापडला नाही तर धरायचा राखीव चेंडू) मारा, म्हणजे परत टीपर्यंत (पहिला फटका मारायच्या जागेपर्यंत) पायपीट होत नाही. शोधायला 2019 पासून पाच नव्हे, 3 मिनिटंच मिळतात. बॅग ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या) त्या बाजूला ठेवा, जिथून पुढच्या टीकडे जायचंय. स्कोअरही तिथे पोहोचल्यावरच लिहा. ग्रीनवर आकडेमोड करत उभं राहणं मला खरंच खटकतं, मागचे बिचारे हातात क्लब धरून थांबलेले असतात. पुढचा गट फार लांब गेला असेल, तर मागच्यांना खुशाल पुढे जाऊ द्या.